एकतिसावा गुण

भाऊबंदकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वाटण्या झालेला वाडा येतो, शेताचा बांध येतो, कोर्टाची पायरी येते. भरधाव धावणारी मोटार काही येत नाही. पण मोटारींच्या शर्यतींचा इतिहास मी गेली काही वर्षे हाती लागेल तिथून वाचतो आहे, आणि आता माझी खात्री झाली आहे की भाऊबंदकीचे निर्भेळ रूप पाहायचे असेल, तर ते इटलीतील मोदेना शहराजवळच्या मारानेल्लो गावी पाहावे. तेथे फेरारीचा कारखाना आहे. त्या कारखान्याच्या तांबड्या गाड्या १९५० पासून जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत धावत आल्या आहेत. त्यांनी परक्यांशी घेतलेल्या झुंजी पुष्कळांनी रंगवून सांगितल्या आहेत. मला सांगायचे आहे ते घरातल्या घरात झालेल्या झुंजींविषयी. आणि त्यातही विशेषेकरून एका गुणाविषयी, ज्याचा पाठलाग एका चोवीस वर्षांच्या तरुणाने आपण होऊन सोडून दिला.

हा खेळ मोठा चमत्कारिक आहे. एका कारखान्याच्या दोन, तीन, पूर्वी तर पाच-पाच गाड्या एकाच शर्यतीत उतरत. गाड्यांचा रंग एक, इंजिन एका नमुन्याचे, पगार देणारा धनी एक. चालकांचे अजिंक्यपद मात्र एकट्या माणसाला मिळते. परक्या गाडीकडून हरलेला चालक म्हणू शकतो की त्याचे इंजिनच जोरकस होते, मी काय करणार? आपल्याच पथकातल्या सोबत्याकडून हरला, की त्याला बोलायला जागा उरत नाही. आम्हा मास्तरांना हे नवे नाही. सख्खे भाऊ एकाच वर्गात असले म्हणजे त्यांची तुलना कोणी करावी लागत नाही. एकच घर, एकच दिवा, एकच शिकवणी. मग याला साठ आणि त्याला चाळीस का, हा प्रश्न निकालाच्या दिवशी आपोआप जेवणाच्या पाटावर येऊन बसतो. म्हणूनच शर्यतीच्या जगात असे मानतात की चालकाने सर्वांत आधी ज्याला हरवायचे तो त्याचा सोबती.

या पेचातून मार्ग काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत जर्मनांची. १९५५ साली मर्सिडीज-बेन्झच्या पथकात हुआन मान्युएल फान्जिओ हा अर्जेंटिनाचा कसलेला चालक आणि स्टर्लिंग मॉस हा पंचविशीतला इंग्रज, असे दोघे होते. पथकाचा कारभार आल्फ्रेड नॉयबाउअर या धिप्पाड गृहस्थाच्या हाती होता. घड्याळ आणि झेंडा घेऊन तो कडेला उभा राही, आणि त्याची खूण झाली की ती वेदवाक्य. फान्जिओ थोरला आणि मॉस धाकटा, हे तेथे आधीच ठरलेले होते. मॉस थोरल्याच्या मागोमाग गाडी हाकीत वर्षभर शिकला. त्या वर्षी १६ जुलै रोजी इंग्लंडात एन्ट्रीच्या शर्यतीत मॉस पहिला आला, फान्जिओ दुसरा. अंतर अवघे दोन दशांश सेकंदांचे. थोरल्याने धाकट्याला त्याच्या मायदेशात जिंकू दिले की काय, हे मॉसला जन्मभर कळले नाही. त्याने विचारले, तर फान्जिओ म्हणे की नाही बाबा, आज तूच वेगवान होतास. चांगल्या घरातली माणसे असेच बोलतात. त्याच वर्षाच्या अखेरीस मर्सिडीजने शर्यतीतून अंग काढून घेतले आणि फान्जिओ फेरारीकडे आला.

दुसरी रीत एन्झो फेरारी यांची. १८९८ साली जन्मलेला हा गृहस्थ आधी स्वतः शर्यतीचा चालक होता. १९२९ साली त्याने आपले पथक उभारले, आणि त्या पथकात आल्फा रोमेओच्या गाड्या पळवता पळवता, महायुद्धानंतर १९४७ साली, स्वतःच्या नावाची गाडी रस्त्यावर आणली. थोरला कोण आणि धाकटा कोण, हे स्पष्ट सांगण्याकडे त्याचा सहसा कल नसे. त्याचा हिशेब असा की चार गुणी माणसे एका छपराखाली ठेवावीत आणि कोणाचीही पाठ फार थोपटू नये. म्हणजे चौघेही एकमेकांच्या ईर्षेने गाडीतला शेवटचा वेग बाहेर काढतात. तो शर्यतींना क्वचितच जाई. दूर घरी बसून तो निकालाची वाट पाही. जिंकली तर गाडी जिंकली, हरला तर चालक हरला, असे त्याच्या पदरच्या अनेकांना वाटत आले. तो मुद्दाम भांडणे लावीत असे, असे मी म्हणणार नाही. पण मोठ्याने बोलून टाकायची गोष्ट न बोलता ठेवणे, हीदेखील एक चालच असते.

१९५६ साली या घरात फान्जिओ होता, वय वर्षे ४५, तीन वेळचा जगज्जेता. त्याच्या जोडीला लुइजी मूसो आणि एउजेनिओ कास्तेलोत्ती हे दोन इटालियन, पीटर कॉलिन्स हा इंग्रज आणि आल्फोन्सो दे पोर्तागो हा स्पॅनिश उमराव. फान्जिओ या घरात रमला नाही. आपल्या गाडीकडे नीट लक्ष दिले जात नाही, असे त्याला सतत वाटत होते. शेवटी आपल्या गाडीपुरता वेगळा मेकॅनिक त्याने मागून घेतला. इकडे एन्झो फेरारीच्या घरावर तर आकाशच कोसळले होते. त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा दिनो दीर्घ आजाराने ३० जूनला वारला. दुसऱ्याच दिवशी फ्रान्समधल्या रीम्सच्या शर्यतीत कॉलिन्स पहिला आला. तो दिनोच्याच वयाचा. मुलगा गेलेल्या बापाचा जीव या मुलावर जडला असेल, तर त्यात नवल ते काय!

आता सप्टेंबरच्या २ तारखेला या. मिलान शहराजवळ मॉन्झा येथे वर्षाची शेवटची शर्यत आहे. दहा किलोमीटरचा एक वेढा, असे पन्नास वेढे. आणि त्यात भिंतीसारखी तिरकी चढवलेली सिमेंटची वळणे. ती वळणे इतकी खडबडीत, की टायर अक्षरशः सोलून निघत.

येथे थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. सगळी गोष्ट याच गणितात आहे. त्या काळी पहिल्याला ८ गुण मिळत, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला ३ आणि पाचव्याला २. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी ज्याची, त्याला आणखी १. वर्षात शर्यती ८, पण हिशेबात धरायच्या त्या प्रत्येकाच्या उत्तम ५. शिवाय आज वाचून नवल वाटेल असा एक नियम होता. एकाची गाडी मोडली, तर सोबती आपली गाडी त्याला देऊ शकत असे, आणि मिळालेले गुण दोघांत सारखे वाटले जात. जानेवारीत अर्जेंटिनात फान्जिओने मूसोची गाडी घेऊन पहिला नंबर मिळवला होता. मे महिन्यात मोनॅकोत कॉलिन्सची गाडी घेऊन दुसरा.

मॉन्झाला येताना फान्जिओचे ३० गुण होते. कॉलिन्स आणि मासेराती पथकातला फ्रेंच चालक जाँ बेहरा यांचे प्रत्येकी २२. बेहराने ती शर्यत जिंकून वेगवान फेरीही साधली असती, तरी जुने चार गुण वजा होऊन त्याची बेरीज २७ वर थांबत होती. मॉस त्याहूनही मागे होता. कॉलिन्सचे तसे नव्हते. त्याच्या खात्यात चारच शर्यतींचे गुण होते, त्यामुळे नवे गुण पुरेपूर धरले जाणार होते. फान्जिओ बाद झाला, कॉलिन्स पहिला आला आणि वेगवान फेरीही त्याचीच झाली, तर २२ अधिक ९ म्हणजे ३१. इंग्लंडला तोवर मोटारींच्या शर्यतींतला जगज्जेता लाभला नव्हता. तो मान या मुलाला मिळाला असता. साऱ्या जगात फान्जिओला मागे टाकू शकणारा माणूस एकच होता, आणि तो त्याच्याच घरातला होता.

शर्यतीपूर्वी फान्जिओने म्हणे मूसो आणि कास्तेलोत्ती यांना समजावले, की पोरांनो, टायर जपा, माझ्या चालीने चला, शेवटी मी तुम्हाला पुढे जाऊ देईन. मला पद पुरे, शर्यत तुमची. शहाणा सल्ला होता. पण आपल्या मातीवर, आपल्या माणसांसमोर दोघा इटालियनांना कुणाचे उपकार नको होते. झेंडा पडताच दोघे सुसाट सुटले आणि पाच वेढ्यांच्या आत टायरच्या चिंधड्या करून घेऊन पिटमध्ये आले. पिट म्हणजे गाडी थांबवून टायर बदलायची, पेट्रोल भरायची जागा. पुढे टायर फुटूनच कास्तेलोत्तीची गाडी गेली, दे पोर्तागोचीही गेली.

मग फान्जिओच्या गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा मोडला. तो पिटमध्ये येऊन उभा राहिला. आतापर्यंतच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या कुणाची तरी गाडी त्याला मिळायला हवी होती. टायर बदलायला मूसो आला. त्याला विचारले गेले. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. मी त्याला दोष देणार नाही. तो रोमचा, मॉन्झाच्या लोकांसमोर जिंकण्याची संधी त्याला रोज थोडीच मिळणार होती? जानेवारीत त्याने एकदा दिलेच होते. नंतर कॉलिन्स आला. टायर पाहून घ्यावेत एवढ्यासाठीच तो थांबला होता. पिटच्या कठड्याशी फान्जिओ उभा दिसताच तो गाडीतून उतरला आणि त्याने आपली जागा रिकामी करून दिली. मोनॅकोला त्याने गाडी दिली होती ती पथकाच्या सांगण्यावरून. या वेळी त्याला कुणी सांगितले नव्हते. फान्जिओने त्याला कवटाळले असे म्हणतात, आणि मग गाडी घेऊन तो निघून गेला.

पुढची गंमत ऐका. शेवटाला येता येता मॉसच्या गाडीतले पेट्रोल संपले; मासेरातीच घेऊन आलेल्या दुसऱ्या एका चालकाने मागून ढकलीत त्याला पिटपर्यंत पोचवले. तेवढ्यात मूसो पुढे गेला. लोक उभे राहून ओरडू लागले, आणि तीन वेढे उरले असता मूसोची गाडीही मोडली. मॉस पहिला, कॉलिन्सच्या गाडीतला फान्जिओ दुसरा. अंतर सहा सेकंदांच्या आत. फान्जिओ चौथ्यांदा जगज्जेता झाला.

ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते की कॉलिन्सने आपली गाडी देऊन फान्जिओला अजिंक्यपद मिळवून दिले. मला वाटते, सांगणाऱ्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली नाही. फान्जिओच्या उत्तम पाच शर्यतींचे गुण होते ५, ४, ४, ८ आणि ९, एकूण ३०. मॉन्झाच्या दुसऱ्या नंबरातले अर्धे, म्हणजे ३ गुण त्याला मिळाले. पण ते त्या पाचांतल्या सर्वांत लहान आकड्याहूनही लहान, म्हणून हिशेबात धरलेच गेले नाहीत. तो पिटच्या कठड्यावर बसून राहिला असता, तरी त्याचे ३० ते ३० च राहिले असते. कॉलिन्सने दिलेल्या गाडीने फान्जिओच्या खात्यात शून्याची भर पडली. त्या गाडीने एकच केले. एकतिसाव्या गुणाची वाट बंद केली. आणि ती वाट कॉलिन्सची स्वतःची होती.

आता कोणी म्हणेल, ती वाट तशीही बिकटच होती. मॉस पुढे होता, वेगवान फेरीही मॉसचीच होती. खरे आहे. पण मॉसचे पेट्रोल संपणार आहे, मूसोची गाडी मोडणार आहे, हे त्या क्षणी कुणाला ठाऊक होते? पंधरा-वीस वेढे उरलेले असताना आशा सोडणारा चालक या धंद्यात टिकत नाही. कॉलिन्सने नंतर सांगितले ते इतकेच, की मी अजून तरुण आहे, माझ्यापुढे पुष्कळ वेळ आहे. म्हाताऱ्या माणसाचा मान राहावा, एवढाच त्याचा विचार असावा. शेतात राबणाऱ्या बापाच्या हातातली पाभर तरुण मुलगा ज्या सहजपणे घेतो, त्याच सहजपणे त्याने आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिली.

पुष्कळ वेळ! तो हिशेबही मांडायला हवा. मॉन्झाला त्या दिवशी फेरारीच्या गाड्यांत बसलेले चार सोबती फान्जिओला होते. कास्तेलोत्ती १९५७ च्या मार्चमध्ये मोदेनाला गाडीची चाचणी घेताना गेला. दे पोर्तागो त्याच वर्षी मे महिन्यात, हजार मैलांच्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत, टायर फुटून गेला; त्याच्याबरोबर त्याचा साथीदार गेला आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली नऊ माणसे, त्यांत लहान मुलेही. उरले मूसो आणि कॉलिन्स. फान्जिओ मासेरातीकडे निघून गेला होता. त्याची जागा घेतली माइक हॉथॉर्न या इंग्रजाने.

हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांची दोस्ती अशी, की फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची खिचडी करून ते एकमेकांना ‘मॉन अमी मेट’ म्हणत. मित्रा-दोस्ता, असा काहीसा त्याचा अर्थ. मूसो त्या दोघांत एकटा पडला. दोघे इंग्रज बक्षिसाचे पैसे आपसांत वाटून घेतात आणि आपल्याला बाहेर ठेवतात, असे त्याला वाटे, ही गोष्ट मूसोच्या निकटच्या माणसांनी पुढे बोलून दाखवली. १९५८ च्या जुलैची ६ तारीख, रीम्सची शर्यत. हॉथॉर्न पुढे, मूसो त्याच्या मागे. एका भरवेगाच्या वळणावर मूसोची गाडी रस्ता सोडून उडाली आणि तो गेला. परक्याच्या मागे नव्हे, स्वतःच्याच रंगाच्या गाडीच्या मागे.

दोन आठवड्यांनी इंग्लंडातली शर्यत झाली. कॉलिन्स आरंभीच असा काही सुसाट सुटला, की त्याला गाठण्याच्या नादात मॉसचे इंजिन गेले. हॉथॉर्नचा मोठा शत्रू बाजूला झाला. कॉलिन्स पहिला, हॉथॉर्न दुसरा. आणि त्यानंतर पंधराव्या दिवशी, ३ ऑगस्टला, जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या डोंगराळ मार्गावर कॉलिन्सची गाडी हॉथॉर्नच्या डोळ्यांदेखत उडाली. मॉन्झाच्या त्या दुपारपासून कॉलिन्सला मिळालेला ‘पुष्कळ वेळ’ तेवीस महिन्यांचा होता. वय सव्वीस.

त्या वर्षीची अखेर मला नेहमी अस्वस्थ करते. अजिंक्यपदाची झुंज राहिली हॉथॉर्न आणि व्हॅनवॉल पथकातला मॉस यांच्यात. पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्न दुसरा आला. पण बंद पडलेली गाडी त्याने उलट दिशेने ढकलली, असा ठपका ठेवून पंच त्याला बाद करायला निघाले. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला तो खुद्द मॉस! गाडी रस्त्यावर नव्हती, कडेच्या पदपथावर होती, हे आपण पाहिले, असे त्याने सांगितले आणि हॉथॉर्नचे ७ गुण वाचले. १९ ऑक्टोबरला मोरोक्कोतल्या कासाब्लांका येथे शेवटची शर्यत. मॉसने ती जिंकली, वेगवान फेरीही साधली. जे जे करायचे ते सारे केले. हॉथॉर्नला दुसरा नंबर हवा होता आणि दुसऱ्या जागी होता फेरारीचाच नवा भिडू, फिल हिल हा अमेरिकन. त्याला खूण झाली. तो बाजूला सरला. हॉथॉर्न ४२, मॉस ४१. परक्या घरच्या माणसाने न मागता दिलेले आणि आपल्या घरच्या माणसाने सांगितल्यावरून दिलेले, या दोहोंच्या बेरजेतून तो एक गुण उरला. इंग्लंडचा पहिला जगज्जेता झाला तो हॉथॉर्न. तो लगेच निवृत्त झाला, आणि तीन महिन्यांनी, १९५९ च्या जानेवारीत, साध्या रस्त्यावर मोटार हाकताना अपघातात गेला. मॉस पुढे जगज्जेता कधीच झाला नाही.

फिल हिल मात्र ती खूण विसरला नाही, असे मला वाटते. १९६१ साली तो आणि वोल्फगांग फॉन ट्रिप्स हा जर्मन सरदारपुत्र, दोघे फेरारीत बरोबरीचे होते. १९५६ च्या मॉन्झाला सरावात गाडी उलथल्यामुळे जो सहावा सोबती शर्यतीला उतरू शकला नव्हता, तो हाच ट्रिप्स. त्या वर्षी फेरारीच्या गाड्यांना तोड नव्हती. पद घरातच येणार हे दिसत होते. कोणाला, हे धन्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. लढू दिले. हॉलंडात ट्रिप्स पुढे, हिल मागे. बेल्जियमात हिल पुढे, ट्रिप्स मागे. इंग्लंडात पुन्हा ट्रिप्स. असे करीत दोघे १० सप्टेंबरला मॉन्झाला आले तेव्हा ट्रिप्सचे गुण ३३ आणि हिलचे २९.

दुसऱ्याच वेढ्यात ट्रिप्सची गाडी जिम क्लार्कच्या लोटसला लागली आणि बांधावर चढून लोकांत घुसली. ट्रिप्स गेला, पंधरा प्रेक्षक गेले. शर्यत थांबवली नाही. हिल आपला वेढ्यामागून वेढे घालीत राहिला. पुन्हा बेरीज करू. आता पहिल्याला ९ गुण होते. हिल दुसरा आला असता, तर जुने चार वजा होऊन त्याचे ३१ झाले असते आणि मेलेला ट्रिप्स ३३ गुणांनिशी जगज्जेता ठरला असता. हिल पहिला आला: ३४. पुन्हा तोच एक गुण. ट्रिप्स गेल्याचे त्याला शर्यत संपल्यावर कळले. जगज्जेता झाल्यावर त्याच्या वाट्याला आलेले पहिले मोठे काम म्हणजे जर्मनीत जाऊन ट्रिप्सच्या शवपेटीला खांदा देणे. पुढची शर्यत त्याच्या मायदेशात, अमेरिकेत होती. फेरारीने तेथे गाड्याच पाठवल्या नाहीत.

हे सारे धन्याच्या डावपेचामुळे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो काळच असा होता, की टायर फुटला, दांडा मोडला, तर मध्ये आडवे यायला काही नसे. न पट्टे, न कठडे. मरण कोणत्याही पथकात येत होते. पण मॉन्झाच्या त्या दुपारपासून पुढची पाने उलटताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घरात कोण पुढे आणि कोण मागे, हे न सांगता सोडून दिले, की जो तो आपापल्या मनाशी एक करार करून बसतो, आणि समोरच्यालाही तोच करार मान्य आहे असे धरून चालतो.

याचा कडेलोट १९८२ साली झाला. जिल व्हिलनव्ह हा कॅनडाचा चालक तेव्हा फेरारीत होता. तीन वर्षांपूर्वी, १९७९ साली, याच मॉन्झाला तो जोडी शेक्टर या आपल्या सोबत्याच्या मागे शेवटपर्यंत राहिला होता. पुढे जाण्याची धमक असूनही दिलेला शब्द पाळून राहिला आणि शेक्टरला पद मिळाले. आज मी मागे राहिलो, उद्या माझ्यामागे कोणी राहील, हा त्याच्या मनातला करार. २५ एप्रिल १९८२ रोजी इमोलाच्या शर्यतीत फेरारीच्या दोन गाड्या पुढे होत्या, एकीत व्हिलनव्ह, दुसरीत दिदिए पिरोनी हा फ्रेंच. पिटमधून फलक दाखवला गेला: सावकाश. व्हिलनव्हने त्याचा अर्थ घेतला, आहात त्याच क्रमाने या. पिरोनीने अर्थ घेतला, गाडी जपा, एवढेच. शेवटच्या फेरीत पिरोनी पुढे गेला आणि जिंकला. एका शब्दाचे दोन अर्थ! आमच्या शाळेत असा प्रश्न निघाला तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात. व्हिलनव्हने पिरोनीशी बोलणे टाकले. तेरा दिवसांनी, ८ मे रोजी, बेल्जियममध्ये झोल्डर येथे, पिरोनीची वेळ आपल्याहून किंचित सरस आहे हे कळल्यावर तो पुन्हा मार्गावर उतरला आणि समोरच्या सावकाश गाडीवर आदळून गेला. ते बोलणे राहून गेले ते गेलेच.

पिरोनीलाही त्या वर्षी पद मिळाले नाही. तो सर्वांच्या पुढे होता. पण ऑगस्टमध्ये जर्मनीत पावसात सराव करताना त्याच्या पायांचा चुराडा झाला. त्या शर्यतींत तो पुन्हा कधी उतरला नाही. १९८७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ यांत्रिक नौकांच्या शर्यतीत त्याचा अंत झाला. एन्झो फेरारी पुढच्या वर्षी, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, नव्वदाव्या वर्षी वारले. एका गुणासाठी काय मोजले गेले, याची त्यांच्याइतकी संपूर्ण वही दुसऱ्या कोणाकडेच नसेल.

वाचकहो, सणासुदीच्या दिवसांत मी मरणाचीच यादी वाचीत बसलो, असे वाटून घेऊ नका. माझे लक्ष त्या वहीतल्या एकाच ओळीवर आहे. सारी वही भरली आहे ती मागितलेल्या, हिसकावलेल्या, हुकमाने दिलेल्या, गैरसमजाने गमावलेल्या गुणांनी. कॉलिन्सची ओळ तेवढी वेगळी. त्याने दिले ते हिशेबात कुणाच्याच उपयोगी पडले नाही. नुसते गणित पाहिले, तर तो एक व्यर्थ उद्योग ठरतो. तरीही फान्जिओ १९९५ साली, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन वारला, तोवर त्या दुपारची आठवण त्याने कृतज्ञतेने सांगितली. पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे काही थोडे नव्हते. हुकमाने गाडी सोडता येते. खूण पाहून बाजूला होता येते. पण कुणीही न सांगता गाडीतून उतरणे, ही गोष्ट कोणत्याही धन्याला आपल्या पथकाकडून करवून घेता येत नाही. ज्या घरात ती आपोआप घडते, त्या घराला निदान तेवढ्या दिवसापुरते तरी घर म्हणता येते.

आणखी एक नोंद करतो आणि थांबतो. पिरोनी गेला तेव्हा त्याची जोडीदार गरोदर होती. १९८८ च्या जानेवारीत तिला जुळी मुले झाली. ज्या दोघांनी अखेरचे काही बोलूनही घेतले नाही, त्यांची नावे तिने आपल्या दोन मुलांना दिली: एक दिदिए, दुसरा जिल. त्यांतला जिल पुढे इंजिनिअर होऊन मर्सिडीजच्या शर्यत-पथकात गेला. २०२० साली इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनची शर्यत मर्सिडीजने जिंकली तेव्हा पथकाचा करंडक घ्यायला विजेत्यांच्या चौथऱ्यावर जो तरुण चढला, तो हाच जिल पिरोनी. त्या दोन भावांना लहानपणी आई एकदम हाका मारीत असेल तेव्हा ती दोन्ही नावे एका दमात, एकाच घरात घुमत असतील.